किल्ला परत मिळाला म्हणजे नक्की काय परत मिळालं? (ग्वाल्हेर १८८६ आणि नंतरची उदाहरणं)

जिवाजीगंज
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मला अर्धा तास बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतलाय: इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत केला तो प्रसंग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १ जून १८५८ ला तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरात शिरले, ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. पुढच्या अडीच-तीन आठवड्यांत सगळं उलटलं. राणी इथेच पडली, आणि २० जूनला ह्यू रोजच्या फौजेने किल्ला घेतला. महाराजांना गादी परत मिळाली, पण किल्ला आणि मोरारची छावणी इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवली. एक-दोन नाही, २८ वर्षं! लष्कर या शहरभागातल्या माणसाने आपल्या गच्चीवरून मान वर केली की डोक्यावर दुसऱ्याचं निशाण. १८८६ साली किल्ला आणि मोरार परत मिळाले, बदल्यात झाशी शहर इंग्रजांना गेलं. त्याच वर्षी २० जूनला जयाजीराव वारले. तारीखसुद्धा तीच.

हे सगळं मी भाचीला वाचून दाखवत होते. ती म्हणाली, "मावशी, किल्ला दिला हे कळलं. पण कारभार कोणी दिला? फौज कोणाची राहिली?" २०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघींनी काबूलच्या बातम्या एकत्र बसून बघितल्या होत्या, ते तिच्या डोक्यात आहे. मला धड उत्तर देता आलं नाही.

माझं मत असं बनत चाललंय: परकी फौज निघताना किल्ल्या देते, कागद देते, सलामी देते. पण खरी सत्ता हातात आली की नाही हे दोनच गोष्टींवरून कळतं. शिपायाचा पगार कोणाच्या तिजोरीतून येतो आणि हुकूम कोणाचा चालतो. तुम्हाला काय वाटतं? कुठे हे नीट झालं, कुठे फसलं, अनुभव असतील तर जरूर लिहा. भाषणात वापरीन.

कंपूकर
विषय फार आवडला. तुमच्या मताला आधार आपल्या घरातच आहे, ताई. ग्वाल्हेर कंटिंजंट ही फौज आठवा. डिसेंबर १८४३ मध्ये महाराजपूर आणि पनिहारला एकाच दिवशी शिंद्यांचा पराभव झाला. जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांची स्वतःची फौज ९,००० वर आणली आणि कंटिंजंट वाढवली. तिचा खर्च ग्वाल्हेरच्या महसुलातून, पण अधिकारी सगळे इंग्रज. राजा लहान, त्यामुळे कारभार पाहायला मंडळ, आणि त्या मंडळाने रेसिडेंटचं, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचं, ऐकायचं. कागदोपत्री राज्य शिंद्यांचंच होतं, ताबा नव्हताच. पैसा आमचा आणि हुकूम त्यांचा.

उरवाई
कंपूकर, अर्धंच सांगितलंत. त्याच कंटिंजंटने १४ जून १८५७ ला मोरारला उठाव केला, आपल्याच इंग्रज अधिकाऱ्यांवर उलटली. म्हणजे हुकूम देणारे होते, पगार मिळत होता, तरी फौज हातची गेली.

आणि ताईंच्या मताला खरा धक्का तर १ जून १८५८ चा आहे. तेव्हा मोरारजवळ जयाजीराव स्वतः मैदानात होते. ती फौज त्यांची, पगार त्यांचा, हुकूमही त्यांचाच. तात्यांची माणसं समोर आली आणि बहुतेक सगळी फौज तिकडे सामील झाली, खाशा पथकाखेरीज. तेव्हा पगार आणि हुकूम एवढ्यावर भागत नाही. ज्याच्यासाठी मरायचं तो माणूस आपला वाटला पाहिजे.

जिवाजीगंज
उरवाई, हे मला सुचायला हवं होतं. दोन दिवस तेच पान उघडून बसले होते. पगार आणि हुकूम लागतातच, पण ते पुरत नाहीत, असं आता लिहीन. मनापासून आभार.

निवृत्त_संदेशवाहक
मी फौजेत सिग्नलमध्ये होतो. भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत, त्रिंकोमालीत काही काळ काढला. तिथलं लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

१९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपण तिथे गेलो. १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. आपण निघाल्यावर प्रांताची सुरक्षा त्यांनीच सांभाळायची होती, म्हणून स्थानिक तमिळ पोरांची एक फौज उभी केली गेली. त्यातली कितीतरी पोरं जबरदस्तीने उचलून आणलेली होती. काही तर शाळेतून. आया छावणीच्या दाराशी येऊन बसायच्या. त्या बायकांची भाषा मला येत नव्हती, पण काय मागतायत ते कळत होतं.

चौकी सोडताना आम्ही यादी करायचो. खाटा, जनरेटर, काटेरी तार, पिंपं. सह्या व्हायच्या. एकदा एका पोराने मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्ही गेल्यावर आमचा पगार कोण देणार? मी काहीच बोललो नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही एकेक भाग सोडत गेलो तसतसे तमिळ वाघ (एलटीटीईचे बंडखोर) आत येत गेले. कोलंबोचं सरकार त्या वेळी वाघांशी बोलणी करत होतं आणि त्या पोरांना शत्रू मानत होतं. म्हणजे ज्या देशात ती फौज राहणार, त्या देशालाच ती नको होती. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली, पण ती फौज त्याच्या आधीच कोसळली होती. ती पोरं कुठे गेली असतील हा विचार अजून येतो.

फालका_बाजार
काका, वाचून गलबलून आलं. लिहिलंत हे फार बरं केलंत.

चंबळपार
मी भिंड जिल्ह्यातला, आता ठाटीपूरला राहतो. एक गोष्ट कोणीतरी बोललीच पाहिजे. "स्थानिकांना परत दिला" म्हणताय, पण स्थानिक कोण?

किल्ला मानसिंह तोमराचा होता. मधल्या काळात मुघलांचा. पुढे गोहदच्या राणा राजांचा. १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉफमने रात्री शिड्या लावून तो मराठ्यांकडून घेतला आणि कंपनीने गोहदच्या राण्याला दिला. १७८३ मध्ये महादजींनी पुन्हा जिंकला. १८०४ मध्ये इंग्रजांनी परत घेतला, १८०५ च्या तहाने दौलतरावांना दिला. मग १८५८ आणि १८८६. म्हणजे शंभरएक वर्षांत इंग्रजांनी हा एकच किल्ला तीन वेळा घेऊन तीन वेळा "दिला", आणि दर वेळी त्यांना त्या घटकेला जो सोयीचा होता त्याला दिला. आमच्या गोहदच्या बाजूला विचाराल तर १८०५ हे परत देणं नव्हतं, ते आमच्याकडून काढून दुसऱ्याला देणं होतं.

यात मराठी माणसाचा राग नाही, माझे निम्मे मित्र गोठीतले (मराठी वस्त्यांतले) आहेत. पण भाषणात हे आलं पाहिजे.

कंपूकर
चंबळपार, मुद्दा शंभर टक्के मान्य. आपलं लष्कर शहर म्हणजे तरी काय? १८१० च्या सुमारास दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तो तळ उठलाच नाही. तंबूंची घरं झाली, घरांच्या गोठी झाल्या. आजही पत्ता सांगताना शिंदे की छावनी म्हणतो, कंपू म्हणतो. कंपू म्हणजे कवायती पलटण. आमची सहावी-सातवी पिढी इथली आहे, ही माती आमची आहे यात मला शंका नाही. पण आलो तळ ठोकूनच, हेही खरं.

गजकवाली
थोडं अवांतर: किल्ल्यावर आज जिथे सिंदिया स्कूल आहे तिथल्या जुन्या बराकी कोणी पाहिल्यात का? शाळा १८९७ ची, सरदारांच्या मुलांसाठी सुरू केलेली. गोऱ्या पलटणीच्या जागी गावची मुलं शिकायला बसली, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. ताई, हे भाषणात घ्या. धाग्यावर सगळ्यात उपयोगी माहिती देणाऱ्याला माझ्याकडून मुरैन्याची गजक. संक्रांतीपर्यंत थांबावं लागेल, चांगली थंडीतच मिळते :)

उरवाई
गावची मुलं म्हणजे सरदारांची मुलं, गजकवाली. त्या दारातून आत जायला माझ्या पणजोबांना परवानगी नव्हती. तेवढं जोडून घ्या.

गजकवाली
खरंय. जोडून घ्या ताई.

मराठवाड्याची_लेक
माहेर परभणी, सासर ग्वाल्हेर. आमच्याकडचं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. सप्टेंबर १९४८ ची हैदराबादची कारवाई. आमच्यासाठी ती मुक्ती, १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, आणि ती मुक्तीच होती. रझाकारांनी काय केलं ते घरोघरी माहीत आहे. पण फौज आल्यानंतरचं कोणी सांगत नाही.

मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, ते १९४९ संपेपर्यंत. मग वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री. लोकांनी निवडलेलं सरकार आलं ते १९५२ मध्ये, बुर्गुल रामकृष्णरावांचं. मधल्या साडेतीन वर्षांत कचेऱ्यांमधून बाहेरच्या प्रांतांतले अधिकारी आले. माझे आजोबा तहसिलीत कारकून. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून, दप्तर उर्दूतून. नवे साहेब आले त्यांना ना उर्दू येई ना आमची मराठी कळे. आजोबा सांगायचे, एका शेतकऱ्याचा फेरफार तीन वर्षं अडला, कारण जुना कागद वाचणारा माणूसच बदलून गेला होता. बाहेरच्यांच्या भरतीवरून १९५२ मध्ये मुलकी आंदोलन पेटलं, हैदराबादेत गोळीबार झाला. निवडून आलेलं सरकार बसल्यावर ते पेटलं, हे लक्षात घ्या. मंत्री आपले आले तरी खुर्चीतला साहेब बाहेरचाच, हा राग होता तो.

आणखी एक. कारवाईनंतर मुसलमानांवर जो हिंसाचार झाला त्याचा सुंदरलाल समितीने अहवाल दिला. तो कित्येक दशकं उघड केला नाही. आजोबांचे उर्दू शिकवणारे मास्तर त्या दिवसांत गेले. आजोबा दर १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम करून घरी येत आणि मग संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नसत.

मांडवीकाठ
गोव्याचं सांगतो. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती, जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर, आणि जून १९६२ मध्येच त्यांनी सूत्रं नागरी प्रशासनाकडे दिली. सहा महिनेसुद्धा नाहीत. डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक. दिल्लीत ज्यांची सत्ता त्या काँग्रेसचा धुव्वा उडाला आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. दिल्लीने तो निकाल मानला. मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल: महाराष्ट्रात विलीन व्हायचं का? लोकांनी नाही म्हटलं, तेही मानलं.

ज्याने मुक्त केलं त्याला नको असलेलं उत्तर लोकांनी दिलं आणि ते उत्तर टिकलं, यालाच मी परत देणं म्हणतो. मी स्वतः विलीनीकरणवाद्यांच्या घरातला आहे. वडिलांना तो निकाल फार लागला होता, पण तो बरोबर होता असं मी म्हणतो.

चंबळपार
मांडवीकाठ, मी शोधत होतो ती कसोटी हीच. नाही म्हणता आलं पाहिजे.

नर्मदातीर
इंदूरहून. मुक्तीच्या उदाहरणांत आणि ताब्याच्या उदाहरणांत गल्लत नको, ती वेगळी आहेत. पण ताईंनी काबूलचं नाव काढलं, तिकडे येतो; आधी बगदाद.

इराकमध्ये मे २००३ मध्ये अमेरिकेचे तिथले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आठवड्याच्या अंतराने दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाचे वरचे लोक नोकरीतून काढले, त्यात शाळामास्तर आणि डॉक्टरही गेले. दुसऱ्याने सगळी फौजच बरखास्त केली. लाखो माणसं हत्यार चालवायला शिकलेली, घरी चूल पेटवायला पैसा नाही. वर्षभराने, २८ जून २००४ ला, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच, एका खोलीत मूठभर लोकांसमोर सार्वभौमत्वाचा कागद दिला गेला. हल्ला होईल ही भीती. पुढे एकेक प्रांत इराकी हातात देत गेले, २०११ च्या डिसेंबरात शेवटचे अमेरिकन सैनिक बाहेर पडले. जून २०१४ मध्ये मोसुल काही दिवसांत पडलं. तिथल्या पलटणींच्या हजेरीपटावर अशी नावं होती की माणूसच नाही, पगार वरच्या साहेबाच्या खिशात.

अफगाणिस्तानातही तेच. सरकारच्या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा परक्या मदतीतून यायचा. विमानं दिली, पण ती दुरुस्त करणारे कंत्राटदार २०२१ मध्ये फौजेबरोबरच निघून गेले. त्या सगळ्या हस्तांतराला तिथे नाव होतं इंतिकाल. २०११ पासून टप्प्याटप्प्याने, पहिल्या टप्प्यात बामियान होतं. उर्दूत हा शब्द मिळकत दुसऱ्याच्या नावावर होण्यालाही वापरतात आणि मृत्यूलाही. माझे एक शेजारी शायर आहेत, त्यांनी बातम्यांत तो शब्द ऐकला आणि टीव्ही बंद केला.

निवृत्त_संदेशवाहक
नर्मदातीर, हजेरीपटाबद्दल एक सांगतो. खोटी नावं भरली जातात हे सगळ्यांना माहीत असतं. देणाऱ्या देशाला आकडा दाखवायचा असतो: एवढे हजार तयार केले, आता आम्ही निघतो. घेणाऱ्याला पगार हवा असतो. मोजायला कोणालाच नको असतं. आमच्याकडेही वर आकडेच मागितले जायचे.

वाचनमात्र_होतो
दहा वर्षं नुसता वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. जमलेलं उदाहरण हवं असेल तर पूर्व तिमोर पाहा. छोटासा देश, पण शिकण्यासारखा.

१९९९ मध्ये इंडोनेशियाची फौज जाळपोळ करत निघाली आणि राष्ट्रसंघाने अख्खा देश चालवायला घेतला. सर्जिओ व्हिएरा द मेल्लो प्रमुख. २० मे २००२ ला स्वातंत्र्य. सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. २००६ मध्ये सुमारे ६०० सैनिकांना काढून टाकलं, फौज आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, राजधानीतलं पोलीस दल कोसळलं, दीड लाखाच्या आसपास लोक घरं सोडून पळाले. राष्ट्रसंघाचे पोलीस पुन्हा आले.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. मे २००९ पासून एकेक जिल्हा द्यायला लागले, पहिला लाउतेम. एकेका पोलिसाची चौकशी: २००६ मध्ये हा कुठे होता, याने काय केलं. देशाचे पोलीस पुढे, राष्ट्रसंघाचे मागे राहून सल्ला देणार. मार्च २०११ मध्ये शेवटी सगळा देश त्यांच्या हातात, २०१२ च्या अखेरीस मिशन बंद. सगळं गोड नव्हतं, चौकशीत कितीजण सुटून गेले त्यावर वाद झालेच. पण तेव्हापासून तिथे निवडणुकीत सरकारं बदलतात आणि हरलेला पंतप्रधान घरी जातो.

म्हणजे पहिल्या खेपेला देश दिला, दुसऱ्या खेपेला ठाणं दिलं. फरक तिथे पडला.

कंपूकर
पहिल्यांदा लिहिलंत आणि काय लिहिलंत! लिहीत राहा हो.

फालका_बाजार
जपानची एक छोटी गोष्ट. अमेरिकनांनी १९४७ मध्ये पोलीस मोडून गावोगाव वाटले, प्रत्येक शहराने आपला पोलीस आपण ठेवायचा. हेतू चांगला, एका हातात दंडुका नको. पण छोट्या नगरपालिकांना पगार झेपेना, कित्येक गावांनी स्वतःहून आपला पोलीस सोडून दिला. ताबा १९५२ मध्ये संपला आणि १९५४ मध्ये जपानने पुन्हा प्रांतवार पोलीस केले. जिवाजीगंज ताई, तुमचा पगाराचा मुद्दा इथे जसाच्या तसा लागू आहे. ओकिनावा मात्र १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेकडेच होतं, आणि तळ आजही आहेत.

लक्ष्मीतालाव
हा धागा काल रात्रीपासून वाचतेय. मी झाशीची. आमचे पूर्वज झाशीच्या राजघराण्याच्या, नेवाळकरांच्या पदरी होते असं घरात सांगतात.

ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे: "बदल्यात झाशी शहर इंग्रजांना गेलं." तुम्ही ते सहज लिहिलंत, सगळेच सहज लिहितात. मला ते वाचवत नाही. १८५८ मध्ये आमचं शहर लुटलं, माणसं मारली. मग १८६१ मध्ये ते शिंद्यांना दिलं. मग १८८६ मध्ये तुमच्या किल्ल्याच्या मोबदल्यात पुन्हा इंग्रजांनी घेतलं. अठ्ठावीस वर्षांत तीन धनी. एकदाही झाशीतल्या कोणाला विचारलं नाही. ग्वाल्हेरला किल्ला परत मिळाल्याचा आनंद झाला त्याच दिवसांत आमच्याकडे पुन्हा इंग्रजी अंमल आला, आणि तो अंमल ज्यांच्याशी लढून राणी मेली त्यांचाच. तिची समाधी तुमच्या फूलबागेत, तिचं शहर तुमच्या किल्ल्याची किंमत म्हणून गेलेलं.

भांडायला आले नाही. पण भाषणात "बदल्यात" या शब्दावर थोडं थांबा.

जिवाजीगंज
लक्ष्मीतालाव, तुमची पोस्ट वाचून मी भाषणाचा कागद बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही लिहिलं नाही. लहानपणापासून मी किल्ल्याकडे बघत "परत मिळाला" म्हणत आले. त्याची किंमत कोणी दिली हे मी एका अर्ध्या ओळीत उरकलं होतं. माझं चुकलं.

भाषण नव्याने लिहितेय. सुरुवात आता झाशीपासून. मग चंबळपारांचे तीन "परत", उरवाईंची १ जूनची फौज, काकांच्या त्या पोराचा पगाराचा प्रश्न, आणि मांडवीकाठांची नाही म्हणण्याची कसोटी. १८८६ ला ती कसोटी लावली तर शिंदे नापास होत नाहीत, इंग्रजही होत नाहीत, कारण ज्यांची परीक्षा घ्यायची त्या रयतेला वर्गातच घेतलं नव्हतं. जयाजीराव वारल्यावर गादीवर आले ते माधवराव अगदी लहान, आणि कारभार पुन्हा मंडळाकडे. भाचीला आता उत्तर देता येईल: किल्ला मिळाला गं, कारभार मागायचा हक्क तेव्हा कोणालाच मिळाला नव्हता. ना लष्करात, ना गोहदला, ना झाशीत.

काका, तुमचा प्रसंग नाव न घेता सांगितला तर चालेल ना?

निवृत्त_संदेशवाहक
जरूर सांगा. त्या पोराने विचारलं तेव्हा पाऊस पडत होता, एवढं घाला. मला का कोण जाणे, ते आठवतं.

गजकवाली
भाषण कधी आहे? कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून इथे टाका.

जिवाजीगंज
पंचमीला, संध्याकाळी सात वाजता, आरतीनंतर.

लक्ष्मीतालाव
झाशीहून दुपारची गाडी पकडून येईन. आधी फूलबागेत जाऊन मग तुमच्याकडे.

जिवाजीगंज
मी स्टेशनवर येते. फूलबागेत दोघी जाऊ.